दर आला नाही तर शून्य धरायचा? चुकीच्या आर्ग्युमेंटचं फंक्शनने काय करावं

कंपायलरकाका
आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये जुंपली आहे, म्हणून धागा काढतोय. फंक्शन (माहिती घेऊन उत्तर देणारा कोडचा तुकडा) अगदी साधं: मुद्दल, दर आणि महिने ही आर्ग्युमेंट्स द्या, व्याज घ्या. लिहिणाऱ्याने पहिल्याच ओळीत टाकलंय, दर आला नाही तर शून्य धर. मी म्हटलं, हे काढ आणि एरर फेक. तर म्हणे, "सर, मग ॲप क्रॅश होईल ना." होऊ दे की!

शून्य टक्के हा खराखुरा दर आहे. कर्मचाऱ्यांना बिनव्याजी उचल देतात तिथे तोच असतो. म्हणजे व्याज शून्य आलं, तर ते बिनव्याजी उचलीचं की फॉर्मात दराचा रकाना कोरा राहिला म्हणून, हे पुढच्या कोणालाच कळायला मार्ग नाही.

त्यात गाठ जावास्क्रिप्टशी. मजकुराचा आकडा करणाऱ्या नंबर()ला कोरी स्ट्रिंग (मजकूर) द्या, शून्य. नल (मुद्दाम रिकामी किंमत) द्या, शून्य. अनडिफाइन्ड (किंमत ठरवलेलीच नाही) द्या, नॅन, म्हणजे "हा आकडाच नाही". आमच्या लेखी तिन्हीचा अर्थ "दर दिलेला नाही" एवढाच. आणि पूर्णांक काढणाऱ्या पार्सइंट()ला "1,25,000" दिलं की ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि 1 परत करतं. सव्वा लाखाचं कर्ज एक रुपयावर, आणि लॉगमध्ये हूं नाही की चूं नाही.

माझं मत: आर्ग्युमेंट पटलं नाही तर फंक्शनने दारातच आपटावं, आणि कोणतं आर्ग्युमेंट खटकलं ते नाव घेऊन सांगावं. अंदाजाने काहीतरी बरं दिसणारं उत्तर देऊ नये. बोला.

निशाचर
काका, "होऊ दे की" म्हणणारे रात्री तीनला फोन उचलणारे नसतात, असा माझा अनुभव आहे.

युरोपचं एरियान 5 रॉकेट आठवा. 4 जून 1996, पहिलंच उड्डाण. आडव्या वेगाशी निगडित एक 64 बिटांचा दशांश आकडा 16 बिटांच्या पूर्णांकात कोंबायचा होता, तो मावला नाही, एक्सेप्शन ("हे जमत नाही" असा प्रोग्रॅमचा इशारा) आलं. ते पकडायला कोणी नव्हतं आणि धोरण असं की एक्सेप्शन आलं की दिशा आणि वेग मोजणारा तो संगणक बंद. जोडीचा राखीव संगणक तेच सॉफ्टवेअर चालवत होता, तो त्याच कारणाने क्षणभर आधीच मेलेला. मिनिटाच्या आत चार उपग्रहांसकट रॉकेटच्या चिंधड्या.

कहर म्हणजे जो हिशेब फसला त्याची रॉकेट सुटल्यावर गरजच नव्हती. आधीच्या एरियान 4 मधून कोड जसाच्या तसा उचललेला. तिथे "मावत नसेल तर 32767 (16 बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा) धर आणि पुढे चल" असं एका ओळीत लिहिलं असतं तरी निभावलं असतं. तुमचं "दारातच आपट" तिथे तंतोतंत पाळलं गेलं होतं.

कंपायलरकाका
अर्धीच गोष्ट सांगितलीत. तो संगणक बंद पडताना त्याने स्वतःच्या बिघाडाची माहिती मुख्य संगणकाकडे पाठवली, आणि मुख्य संगणकाने ती उड्डाणाचा खरा डेटा समजून वापरली. त्यावरून नॉझल टोकापर्यंत वळवले. म्हणजे घेणाऱ्याने चुकीचं इनपुट निमूट गिळलं. हे माझ्याच बाजूने जातं.

निशाचर
दोन्ही बाजूंनी जातं, म्हणून तर वाद आहे. अशी सात व्हेरिएबल्स होती. चारांना संरक्षण दिलं, तिघांना नाही, कारण प्रोसेसरवरचा भार 80 टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. ती तीन मर्यादेत राहतील असं गृहीत धरलं. प्रत्येक तपासणीची किंमत असते आणि ती कोणीतरी मोजतं, एवढंच म्हणणं.

टाकाऊतून_टिकाऊ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं काश्मीर (न संपणारं भांडण) व्हायला फार वेळ लागणार नाही.

सोल्डरबाबा
मी मायक्रोकंट्रोलरवर (यंत्रात बसवलेल्या छोट्या संगणक-चिपवर) सी भाषेत कोड लिहितो, त्यामुळे "एक्सेप्शन फेक" ऐकलं की हसू येतं. फेकून झेलणार कोण? माझ्या बोर्डावर वर बसलेलं कोणी नाही.

थंड करणाऱ्या पंख्याचा वेग 0 ते 100 मध्ये द्यायचा असतो. वरच्या कोडने 130 पाठवला तर मी 100 धरतो, सोबत फॉल्टचा बिट (बिघाडाची खूण) लावतो आणि पंखा चालू ठेवतो. आपटलो तर वॉचडॉग (अडकलेली चिप पुन्हा सुरू करणारा टायमर) रीसेट करेल, तेवढ्या वेळात पंखा बंद, आणि पुन्हा 130 आला की पुन्हा रीसेट. सर्किट जळेल पण तत्त्व पाळलं जाईल!

दुसरं. सगळीकडे तपासणी पेरण्यालाही माझा विरोध आहे. ऐंशीच्या दशकात बर्ट्रांड मायरने आपल्या आयफेल या प्रोग्रॅमिंग भाषेत करार आणला: अटी पाळणं हे बोलावणाऱ्याचं काम, आणि फंक्शनच्या आत तीच तपासणी पुन्हा करायची नाही. सी मध्ये बघा. मेमरी मोकळी करणाऱ्या फ्री()ला नल दिला तर काहीच होत नाही, हे मानकात लिहिलंय. स्ट्रलेन()ला नल दिला तर काय होईल याची हमी नाही. लोक याला विसंगती म्हणतात, मला ती वाटत नाही. "मोकळं करायला काही नाही" याला अर्थ आहे. "नसलेल्या स्ट्रिंगची लांबी" याला नाही, आणि तिथे शून्य परत करणं म्हणजे शुद्ध थाप.

कंपायलरकाका
पंख्याला मान्य, कारण तुम्ही बिट लावता. गपचूप 100 केला असता तर भांडलो असतो. मायरबद्दल मात्र एक विसरताय: आयफेलमध्ये त्या अटी कोडमध्येच लिहिलेल्या असतात, आणि चालताना तपासायच्या की नाही हे कंपाइल करताना ठरवता येतं. सी मध्ये तो करार कॉमेंटमध्ये असतो, आणि कॉमेंट वाचतं कोण?

नवखा_पायथॉन
मग ॲसर्ट ("ही अट खरी नसेल तर थांब" असं विधान) लिहून मोकळं व्हावं ना?

मृण्मयी_क
ॲसर्ट फक्त स्वतःच्या बगसाठी ठेव. पायथॉन -ओ हा पर्याय लावून चालवलं की सगळी ॲसर्ट विधानं उडतात. बाहेरून आलेली रक्कम त्याच्या भरवशावर तपासलीस तर टेस्टिंगमध्ये शहाणा आणि लाइव्हवर आंधळा कोड तयार होईल.

आता मूळ वादाकडे. काका, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. "1,25,000" हे चुकीचं इनपुट आहे हे कोणी ठरवलं? आपल्याकडे माणूस रक्कम अशीच लिहितो. पार्सइंटने 1 दिला हे वाईटच, पण तुमचं फंक्शन एरर फेकून वापरणाऱ्याला "अवैध रक्कम" म्हणणार असेल तर तेही फार चांगलं नाही.

मराठी फॉर्मांवर काम करताना याहून मजेशीर गोष्ट दिसते. कीबोर्ड मराठीवर असला की लोक वय "४२" असं भरतात. पायथॉनचा इंट() त्याचे 42 करून देतो, जावाचा पार्सइंटही. जावास्क्रिप्टचा नंबर() म्हणतो नॅन. म्हणजे सर्व्हरला जे चालतं ते ब्राउझरमधलं फंक्शन अडवतं आणि बाईंना लाल अक्षरात सांगतं की तुमचं वय चुकीचं आहे. कडक असणं म्हणजे बरोबर असणं नव्हे.

मी असं करते: सीमेवर, जिथे डेटा बाहेरून आत येतो, तिथे एकच फंक्शन. ते उदार: स्वल्पविराम चालतील, देवनागरी अंक चालतील, मागेपुढे स्पेस चालेल. पण त्यातून बाहेर पडते ती "रक्कम" या टाइपची वस्तू किंवा स्पष्ट नकार, मधलं काही नाही. आतल्या फंक्शनांना स्ट्रिंग मिळतच नाही, मग तिथे तपासायला उरतं काय? व्याजाच्या फंक्शनला दर नसणं शक्यच नको. कोटलिन किंवा रस्ट या भाषांमध्ये हे कंपायलरच (कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम) बघतो. तुमचं नावच कंपायलरकाका, आणि तुम्ही रनटाइमवर (कोड चालतानाच्या चुकांवर) भांडताय!

जुना_मोडेम
मृण्मयीताईंना +१, पण त्या "उदार" शब्दाला माझी हरकत आहे. 1980 च्या टीसीपीच्या (इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या नियमांच्या) मसुद्यात जॉन पोस्टेलने तेच लिहिलं होतं: देताना काटेकोर राहा, घेताना उदार. चांगलं तत्त्व, नेटवर्क जोडली गेली ती त्यामुळेही. पण वेबचं काय झालं पाहा. ब्राउझरांनी वाटेल ते एचटीएमएल (वेबपानं ज्यात लिहितात ती भाषा) चालवून घेतलं, लोकांनी वाटेल ते लिहिलं. मग त्याचं कडक रूप, एक्सएचटीएमएल, आलं, एक टॅग बंद करायचा राहिला की अख्खं पान नाही, फक्त एरर. लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. शेवटी एचटीएमएल 5 मध्ये मोडकं पान नेमकं कसं वाचायचं याचेच नियम लिहावे लागले.

उदारपणा चालतो, पण तो लिहिलेला असेल तर. "स्पेस चालेल" हे लिहा, नाहीतर उद्या दुसरी टीम "1.25 लाख" पाठवेल आणि म्हणेल, काल तर चाललं होतं. 2023 मध्ये इंटरनेटच्या रचनेवर लक्ष ठेवणाऱ्या इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने पोस्टेलच्या तत्त्वाबद्दल साधारण हीच तक्रार कागदावर आणली: चुका खपवून घेतल्या की त्याच पुढे प्रथा होतात.

मृण्मयी_क
मान्य. लिहिलेलंच हवं, आणि टेस्टसकट. "1.25 लाख" मी नाकारते.

निशाचर
आणि काका, "ओरडून सांगा" हेही सगळीकडे नको. 2014 चा हार्टब्लीड हा सुरक्षेतला बग काय होता? पाठवणारा म्हणायचा माझा मजकूर 64 केबी आहे, असायचे दोन-चार बाइट. ओपनएसएसएलने (इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ती लांबी खऱ्या मजकुराशी ताडलीच नाही आणि शेजारची मेमरी उचलून दिली. तपासणी हवीच होती, वाद नाही. पण मानकात काय लिहिलं होतं? लांबी खोटी असेल तर तो संदेश गुपचूप टाकून द्या. परक्याला त्याची नेमकी चूक समजावून सांगायची नसते.

कंपायलरकाका
हा मुद्दा घेतला. परक्याशी गप्प, स्वतःच्या लॉगमध्ये मोठ्याने. पण व्याजाच्या फंक्शनला बोलावणारा परका नाही, आमचाच पोरगा आहे. त्याला ओरडूनच सांगणार. दर सक्तीचा करतोय, डिफॉल्ट (न दिल्यास धरायची किंमत) नाही. महिने दिले नाहीत तर 12.

सोल्डरबाबा
महिने 12?! गृहकर्जाला? हा डिफॉल्ट कुठून आला, काका?

कंपायलरकाका
आमच्याकडे उचल वर्षाचीच असते, नियमात लिहिलंय. दराला असा नियम नाही, तो माणसागणिक बदलतो. मोघम शून्यात आणि ठरलेल्या बारात फरक आहे.

सोल्डरबाबा
नियम बदलला की फंक्शन कोण शोधणार? मला पटलेलं नाही. असो.

नवखा_पायथॉन
एक बारीक शंका. "कोणतं आर्ग्युमेंट खटकलं ते नाव घेऊन सांगा" म्हणालात. मी मेसेजमध्ये आलेली व्हॅल्यूही छापतो, डीबगला बरं पडतं. ते चालेल ना?

मृण्मयी_क
दर असेल तर खुशाल छाप. आधार क्रमांक असेल तर अजिबात नको. कोणी एक अंक चुकवला की चेकसमची (अंकांचा मेळ बसतो का पाहणारी) तपासणी नाकारते, आणि तुझ्या लॉगमध्ये उरलेले 11 खरे अंक पडतात. आर्ग्युमेंटचं नाव लिही, किती अंक हवे होते आणि किती आले ते लिही, कोणती तपासणी फसली ते लिही. व्हॅल्यूच्या जागी फार तर शेवटचे चार अंक. पासवर्डच्या बाबतीत तेही नाही, लांबीसुद्धा नको.