बडोद्यात राहून घरच्या घरी जागतिक साहित्याचा अभ्यास: सुरुवात कुठून करावी?

पोथीवाली:
नमस्कार मंडळी. मी बडोद्याची. शाळा गुजराती माध्यमात झाली, घरी मराठी, नोकरी हिशेबाची. मराठी वाचनाची गोडी आजीने लावली ती अजून टिकून आहे. आता जागतिक साहित्य नीट अभ्यासायचं मनात आहे. पदवी नको, परीक्षा नको. रात्री तासभर मिळतो, रविवारी थोडा जास्त. 'वाचायलाच हवीत' अशा शंभर पुस्तकांच्या याद्या पाहिल्या, पण एक संपवून दुसरं हातात घेतलं की दोघांचा एकमेकांशी काय संबंध ते कळत नाही. मला शोध घ्यायचाय, आणि जे वाचेन त्यावर स्वतः विचार करून लिहायचंही आहे. भाषांतरांवर भिस्त ठेवली तर चालेल का? इंग्रजी वाचते, पण सावकाश.

मांडवीकर:
ताई, याद्या बाजूला ठेवा. एक धागा पकडा आणि तो नेईल तिकडे जा. बडोद्याच्या माणसाला तर तो घरातच सापडतो. माधव जूलियन यांचा जन्म इथलाच, १८९४ चा. फारसीचे मोठे अभ्यासक. १९२९ मध्ये त्यांनी फारसी कवी उमर खय्यामच्या रुबाया, म्हणजे चार ओळींच्या कविता, मूळ फारसीवरून मराठीत आणल्या आणि १९३१ मध्ये 'द्राक्षकन्या'त एडवर्ड फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रूपांतराचा अनुवाद केला. ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. फारसीत प्रत्येक रुबाई स्वतंत्र असते, आधीच्या-नंतरच्या रुबाईशी तिचं नातं नसतं. फिट्झजेराल्डने १८५९ मध्ये त्यांतल्या निवडक घेऊन पहाटेपासून चंद्रोदयापर्यंतचा एक सलग दिवस रचला. म्हणजे जगभर गाजलेल्या त्या काव्याची बांधणी इंग्लंडातली आहे. मग पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. त्या काळच्या इंग्लंडला असा खय्याम का हवासा वाटला? आज खय्यामच्या नावावर असलेल्या रुबायांपैकी त्याच्या खरोखर किती? या दुसऱ्या प्रश्नावर विद्वान अजून भांडतात, आणि ते भांडण वाचण्यासारखं आहे.

पुस्तकांसाठी आधी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत चौकशी करा. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यभर वाचनालयं उभारली, गावोगाव पेट्यांतून पुस्तकं पाठवली. परीक्षेसाठी न वाचणाऱ्या माणसाचा इतका विचार क्वचितच कोणी केला असेल. आपण तिथे गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. इंटरनेट आर्काइव्हवरही शोधा, तिथे जुनी मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत.

रावपुरा_आजोळ:
काकांचा धागा सुंदर आहे, पण पहिल्याच पावलाला कविता नको असं माझं मत. गद्याने हात बसू दे. टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' घ्या, १८८६ ची. लहान आहे, आणि त्यातल्या न्यायखात्यातल्या अधिकाऱ्याच्या घरचं वातावरण आपल्याला अनोळखी वाटत नाही. माणूस मरतोय हे सगळ्यांना माहीत असतं, पण बोलत कोणी नाही. आधाराला उभा राहतो तो फक्त नोकर गेरासिम.

मी वही अशी ठेवते: उजव्या पानावर पुस्तकात काय आहे ते, पान क्रमांकासकट. डाव्या पानावर मला काय वाटलं ते, तारखेसकट. दोन्हींची सरमिसळ होऊ देत नाही. प्रस्तावना आणि समीक्षा शेवटी वाचते. आपलं मत कागदावर उतरण्याआधी मोठ्या समीक्षकाचं वाचलं की पुढे तेच आपलं वाटायला लागतं. नंतर वाचलं तर मात्र त्याच्याशी वाद घालता येतो, आणि खरा अभ्यास तिथे सुरू होतो. काही महिन्यांनी डावी पानं पुन्हा वाचा. मत बदललं असेल तर जुनं खोडू नका, खाली नवीन लिहा.

पार्श्वभूमीसाठी मराठी विश्वकोश. रशियन साहित्य, फ्रेंच साहित्य, ग्रीक साहित्य अशा स्वतंत्र नोंदी आहेत, ऑनलाइन फुकट. पुण्याहून निघणारं 'केल्याने भाषांतर' हे त्रैमासिकही मिळवा. त्यात परदेशी भाषांमधून थेट मराठीत आलेलं साहित्य असतं, इंग्रजीची मधली पायरी नाही.

नाट्यवेडा:
पोथीवाली, तुम्हाला दोन पुस्तकांचा एकमेकांशी संबंध हवाय ना? मग हा घ्या. एका मुलावर दोन बायका हक्क सांगतात. आई कोण, हे ठरवायचं आहे.

महाउम्मग्ग जातक या बौद्ध कथेत एक यक्षिणी मूल पळवते. कथेतला शहाणा न्यायनिवाडा करणारा महोसध जमिनीवर रेघ ओढतो, मुलाला मधे ठेवतो आणि दोघींना ओढायला सांगतो. मूल रडायला लागतं तशी खरी आई हात सोडते. बायबलमध्ये राजा सॉलोमन तलवार मागवतो, तिथेही माघार घेणारीच आई ठरते. चीनमध्ये युआन काळातलं एक नाटक आहे, त्यात न्यायाधीश बाओ खडूचं वर्तुळ काढतो. निकाल तोच. १९२५ मध्ये जर्मन लेखक क्लाबुंडने ते नाटक जर्मनीत आणलं. मग जर्मन नाटककार ब्रेख्त आला, हिटलरमुळे देश सोडून अमेरिकेत राहिलेला. १९४४ मध्ये त्याने 'कॉकेशियन चॉक सर्कल' लिहिलं आणि हजारो वर्षांचा निकाल फिरवला. त्याच्या नाटकात जन्मदात्री बंडाच्या वेळी आपले कपडे गोळा करण्याच्या नादात मूल मागे टाकून जाते. ते वाढवते मोलकरीण ग्रुशा. वर्तुळात हात सोडते तीही ग्रुशाच, आणि न्यायाधीश अझ्डाक मूल तिला देतो. रक्ताचं नातं मोठं की सांभाळ मोठा? त्यापुढे जाऊन ब्रेख्त जमिनीबद्दलही हेच विचारतो: ती कोणाची, मालकाची की कसणाऱ्याची?

आणि हे सगळं मराठीत पोचलेलं आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ब्रेख्तच्या नाटकावरून 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिलं. विजया मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेवित्झ यांच्या साथीने ते रंगमंचावर आणलं. जातकांसाठी दुर्गाबाई भागवतांचं 'सिद्धार्थ जातक' आहे, बायबल मराठीत आहेच. इंग्रजी लागेल ती फक्त चिनी नाटकापुरती. एवढ्यावर तुमचे चार-पाच महिने सहज जातील, आणि आई म्हणजे कोण यावर तुमच्याकडे स्वतःचं सांगायला काहीतरी असेल. मी स्वतः दत्तक घरात वाढलो. ग्रुशाचा प्रवेश वाचताना मला आजही थांबावं लागतं.

पोथीवाली:
नाट्यवेडा दादा, हेच हवं होतं. एक शंका. बायबल आणि जातक यांतली कथा इतकी सारखी, मग कोणी कोणाकडून घेतली? हे मला शोधता येईल का?

नाट्यवेडा:
शोधा, पण उत्तराची घाई नको. कथा सारखी दिसली म्हणजे उसनी घेतली असं होत नाही. प्रवासाचा पुरावा लागतो. पंचतंत्राचा तो आहे: सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत, आठव्या शतकात अरबीत 'कलीला व दिम्ना', तिथून युरोपात. १६७८ च्या आपल्या दंतकथांत फ्रेंच कवी ला फोंतेन भारतीय पिल्पेचं (युरोपात या कथांचा कर्ता म्हणून हेच नाव चालत होतं) ऋण उघड मान्य करतो. अशी साखळी दोन मातांच्या कथेची मिळते का, कुठे तुटते, ते वहीत मांडा. तुटलेली जागाही नोंदवायची.

मांडवीकर:
मान्य, या धाग्यापुढे माझा खय्याम दुसऱ्या नंबरावर. ताई, जातकाचा तो खंड लायब्ररीत मिळाला नाही तर इथे लिहा. माझ्याकडे काही खंड आहेत, कोणते ते कपाट उघडून बघतो.

रावपुरा_आजोळ:
खानोलकरांचं नाटक मोठ्याने वाचणार असाल तर मीही येईन. ग्रुशा आणि जन्मदात्री, दोघींचे संवाद एकटीने वाचून मजा नाही.