ब्लूग्रास वाढवलं कुणी: वाजवणाऱ्यांनी की डेव्ह फ्रीमनने?

पाचवी तार: ब्लूग्रास, म्हणजे बँजो-फिडल-मँडोलिनवरचं अमेरिकन लोकसंगीत, वाढवल्याचं सगळं श्रेय मँडोलिनवाला बिल मन्रो आणि बँजोवाला अर्ल स्क्रग्ज यांना देऊन आपण मोकळे होतो. माझ्या मते काउंटी रेकॉर्ड्स या लेबलच्या (तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या) डेव्ह फ्रीमनचा वाटा मोठा आहे, आणि तोही १९६५ला सुरू केलेल्या काउंटी सेल्स या त्याच्या विक्रीच्या धंद्यामुळे. लहान लेबलची एलपी (लांब वाजणारी तबकडी) दुकानदार ठेवत नसे. ठेवलीच तर न खपलेला माल परत. फ्रीमन टपालाने विकायचा, इतर लेबलांच्या एलपीसुद्धा. सोबतच्या पत्रकात चार ओळींचा रोखठोक अभिप्राय असायचा. एलपी फसली असेल तर तसंही छापायचा, विकणारा स्वतःच असून!

खर्ज: पण काउंटीची ५०० क्रमांकांची मालिका म्हणजे १९२०-३०च्या तबकड्यांचं पुनर्प्रकाशन. ७००च्या मालिकेत फिडलवादक टॉमी जॅरेल. हे ओल्ड-टाइम, म्हणजे ब्लूग्रासच्या आधीचं लोकसंगीत झालं, ब्लूग्रास कुठे? ब्लूग्रासचा श्रोता एकत्र आणला आयोजक कार्लटन हेनीने, १९६५च्या फिनकॅसल (व्हर्जिनिया) महोत्सवात.

पाचवी तार: त्याच ७००मध्ये मन्रोचा फिडलवादक केनी बेकरही आहे. १९७६च्या एलपीवर तर मँडोलिनला खुद्द मन्रो. आणि महोत्सव उठला की उरलेलं वर्ष आडगावच्या बँजोवाल्याने ऐकायचं काय?

सुईवाला: पुनर्प्रकाशनाला कमी लेखू नका. मूळ मास्टर (ज्यांवरून तबकड्या छापल्या ते साचे) बहुधा गेलेले. संग्राहकांकडच्या प्रतींतली त्यातल्या त्यात बरी निवडायची. ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या) रुंद खाचेला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची १ मिलच्या आतली सुई तळाला टेकते आणि तिथली खरखर वाजवते. दुसरी गोम वेगाची. ७८ हे नावापुरतं. ध्वनिमुद्रण ७६ने झालं असेल तर ७८वर सूर जवळपास पाव टोन चढतो. मग सोबत वाजवून शिकणारा खुंट्या पिळत बसतो, चूक मात्र तबकडीची.

खर्ज: मान्य, पण हे जतन झालं. प्रसार केला राउंडर या लेबलने, ब्लूग्रास कलाकारांच्या एलपी काढून: १९७५ला जे. डी. क्रो, १९८७ला अॅलिसन क्राउस.

पाचवी तार: आणि शुगर हिल लेबल? १९७८ला ते काढणारा बॅरी पॉस आधी काउंटीतच होता. रेबेल हे ब्लूग्रास लेबलही पुढे फ्रीमननेच घेतलं.

खर्ज: चालतं लेबल घेतलं. कंट्री जंटलमेन आणि सेल्डम सीन हे बँड, बँजोवादक राल्फ स्टॅनली, सगळे त्याच्या आधीच रेबेलवर येऊन गेलेले. ते श्रेय त्याच्या खात्यावर कसं?