त्याची दया सनातन आहे: तुमची अर्धी ओळ कोणती?

बायबलमधलं स्तोत्र १३६ बहुतेकांना पाठ असेल. २६ वचनं आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद, ‘त्याची दया सनातन आहे’. एकाने अर्धी ओळ म्हणायची, बाकीच्यांनी पालुपद उचलायचं. आकाश-पृथ्वीपासून सुरुवात, मग इस्राएल लोकांची मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, तांबडा समुद्र, सीहोन आणि ओग राजांचा पाडाव. एवढं सगळं झाल्यावर २५व्या वचनात काय, तर तो सर्व प्राण्यांना अन्न देतो! समुद्र दुभंगला त्यालाही तेच पालुपद आणि रोज पोट भरतं त्यालाही तेच. म्हणून तर ही यादी मला आवडते.

तर इथे प्रत्येकाने आपापली अर्धी ओळ लिहायची. नोकरी लागली, ऑपरेशन नीट पार पडलं, हे लिहाच. पण ज्यांच्या प्रार्थनेला हवं तसं उत्तर आलं नाही त्यांनीही मागे राहू नका. उपदेश मात्र नको, तो रविवारी मिळतो.

—

आईची आठवण जात चालली होती. आधी भाचरांची नावं गेली, मग माझं. मी रोज तिच्या उशाशी बसून हेच स्तोत्र वाचायचे. पहिला भाग माझा, दुसरा तिचा. एकदाही चुकली नाही. एकदा नर्स बीपी बघायला आली आणि म्हणाली, “आजी, हात पुढे करा.” आईने हात पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “त्याची दया सनातन आहे.” नर्स आणि मी दोघी हसत सुटलो. आई पण हसली, कशाला ते तिला ठाऊक नसणार. शेवटच्या दिवसांत आवाज गेला तरी पालुपदाच्या जागी ओठ हलायचे. माझं नाव ती विसरली याचं दुःख आहेच, ते काही गेलेलं नाही.

—

दारू सुटली. कशी सुटली ते लिहायला बसलो तर देवाच्या आधी बायकोचं नाव येईल. देवाची हरकत नसावी.

—

मी लिहू की नको असं करत होते. आमचं बाळ जन्मल्यावर थोडेच तास जगलं. नंतर मंडळीत (चर्चमध्ये) साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, वेळ आली की मी बाहेर जाऊन उभी राहायचे. लोक उपकारस्तुती करायचे आणि माझ्या पोटात कालवायचं. कुणी म्हणे, यातही देवाची काही योजना असेल. अशा वेळी असलं बोलू नये, एवढंच म्हणते.

मग वाचनात बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाचा ३रा अध्याय आला. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक मंदिराचा पाया घालतात आणि हेच पालुपद गातात. पण ज्या म्हाताऱ्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलेलं असतं, ते मोठ्याने रडतात. जल्लोष कुठला आणि रडणं कुठलं, ऐकणाऱ्यांना वेगळं करता येत नाही. त्यांना कुणी गप्प केल्याचं तिथे लिहिलेलं नाही. आता मी आतच बसते, त्या म्हाताऱ्यांच्या बाजूला. गाणं सुरू होतं तेव्हा कधी गाते, कधी नाही.

—

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. माझं त्यापुढे अगदीच किरकोळ आहे, तरी लिहिते. लूकच्या शुभवर्तमानात, १७व्या अध्यायात, येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो आणि आभार मानायला परत येतो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांतला. ते वाचल्यापासून रात्री वहीत एक ओळ लिहिते. परवा आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्या दिवशीची ओळ: ‘ह्यांनी न सांगता कपडे वाळत घातले.’ खाली पालुपद लिहिताना दात-ओठ खाल्ले होते, अक्षरावरून कळतं.

—

माझ्या बायॉप्सीचा रिपोर्ट यायचाय. निकाल लागल्यावर आभार मानणं सोपं, आधी कसे मानायचे हा माझा प्रश्न आहे. धरून दिलं जाण्याच्या रात्री येशूने भाकर घेतली, आभार मानले आणि मग मोडली. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला माहीत होतं. मग गीत गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. वल्हांडणाला, म्हणजे त्या रात्रीच्या मिसरातून सुटकेच्या सणाला, ११३ ते ११८ ही स्तोत्रं गायची यहुदी रीत आहे, म्हणजे ते गीत बहुधा त्यांतलंच. आणि ११८व्याचा शेवट ह्याच पालुपदाने होतो. बागेत गेल्यावर मात्र त्याने ‘हा प्याला माझ्यावरून टळून जावो’ असंही म्हटलं. मी सध्या दोन्ही म्हणतेय, दुसरं जरा जास्त वेळा.

रिपोर्ट गुरुवारी आहे. तोवर रात्री झोप लागत नाही, तेव्हा लिहीत राहा. वाचायला मी आहेच.