जुनी टर्बो पेट्रोल, गाडी दाबली की ब्रेक कडक होतो. ब्रेक बूस्टर बदलू का?

टर्बोवाला_इंदूर

नमस्कार मंडळी. गाडी 2005 ची ऑक्टाव्हिया आरएस, 1.8 टर्बो पेट्रोल, मामांकडून माझ्याकडे आली, बरेच दिवस उभीच होती ती आता रस्त्यावर काढलीये. इंजिन झकास, टर्बो पण मस्त ओढतो, सगळा घोळ ब्रेकचा आहे. शहरात पलासिया ते राजवाडा रडतखडत चाललो तर ब्रेक अगदी नॉर्मल, कसलीच तक्रार नाही. पण बायपासला किंवा खंडवा रोडला जरा दाबली, चौथ्यात टर्बो पूर्ण भरला आणि समोर ट्रक आडवा आला म्हणून पाय काढून ब्रेक मारला, की पहिला ब्रेक कसाबसा लागतो आणि लगेच दुसऱ्यांदा दाबला तर पॅडल दगड. जोर लावून उभं राहिलं तर गाडी थांबते, म्हणजे फेल नाही म्हणता येणार, पण पोटात गोळा येतो. बाजूला घेऊन दोन मिनिटं आयडलवर ठेवली की पुन्हा काही झालंच नाही असं वागते.

एका गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच निकाल दिला, बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा ब्रेकचा डबा) गेला, जुना कुठूनतरी मागवून देतो आणि त्यातच मोठा बूस्टर मोठा मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देतो तो) टाकून घ्या, ब्रेक डबल होईल म्हणे. दुसऱ्या मिस्त्रीने ब्रेकच्या लाईनमधली हवा काढली, काही फरक नाही. ब्रेक ऑइलची लेव्हल बरोबर आहे, चाकांपाशी ओल नाही, पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. तर बूस्टर खरंच गेलाय हे घरी कसं कळेल, आणि खर्च करायचाच आहे तर अपग्रेड कशाचं करू? बजेट आहे, पण डोळे झाकून नाही घालवायचं.

राजेंद्रनगरचे_काका

बूस्टरचे पैसे आत्ता खिशातच ठेव. तू लिहिलंयस त्यावरून बूस्टर निर्दोष असण्याची शक्यता जास्त वाटते.

आधी एक समजून घे. पॅडल स्पंजसारखं लागत असेल तर पाईपलाईनमध्ये हवा. पाय ठेवल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडर. आणि कडक होत असेल तर ऑइलच्या बाजूला बघायचंच नाही, व्हॅक्यूमकडे जायचं. त्यामुळे हवा काढणाऱ्याने मेहनत केली पण चुकीच्या दारावर.

बूस्टरच्या आत डायफ्रॅम असतो, एका बाजूला इंजिनने ओढलेला व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूला पॅडल दाबलं की बाहेरची हवा, या फरकावरच मदत मिळते. दहा इंची डायफ्रॅमचं क्षेत्रफळ 500 चौ. सेंमीच्या वर जातं, 0.6 बारचा फरक मिळाला तरी 300 किलोच्या आसपास जोर तुझ्या पायाला फुकट मिळतो. तो गेला की पॅडल दगडच लागणार. आता साध्या पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डमध्ये (इंजिनला हवा पोचवणारा भाग) कायम व्हॅक्यूमच असतो, फार तर थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) पूर्ण उघडल्यावर शून्याजवळ येतो. टर्बोत मात्र तोच मॅनिफोल्ड बूस्टमध्ये गेला, म्हणजे टर्बो हवा कोंबायला लागला, की उलटा दाब देतो, अर्धा-पाऊण बार. तो दाब बूस्टरमध्ये शिरू नये म्हणून वाटेत वन-वे व्हॉल्व्ह असतो. छोटीशी प्लास्टिकची वस्तू, आत रबराची चकती. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारी नळी) येणारी तेलाची वाफ वर्षानुवर्षं त्या रबरावर बसते, रबर फुगतं आणि नीट बसत नाही. मग टर्बो भरला की बूस्टरमधला साठवलेला व्हॅक्यूम गायब. शहरात तू बूस्टमध्ये जातच नाहीस, म्हणून तिथे सगळं आलबेल.

घरी करायच्या टेस्ट. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाचदा दाब, कडक होईल, मग पाय दाबून धरून इंजिन चालू कर, पॅडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरला मदतच मिळत नाहीये. दुसरी, इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद कर आणि थोडं थोडं थांबून दाब, पहिल्यांदा खोल जाईल, पुढे प्रत्येक वेळी वर वर राहील, म्हणजे आत व्हॅक्यूम टिकतोय. तिसरी, चालू इंजिनवर पॅडल दाबून धर, तसंच धरून इंजिन बंद कर, अर्धा मिनिट पॅडल जागचं हलायला नको. या तिन्ही पास झाल्या आणि पॅडल दाबताना डॅशखाली फुस्स आवाज येत नसेल तर बूस्टर ठीक समज.

मग व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघ. बूस्टरच्या टोकाकडून फुंकलं तर हवा जायला हवी, इंजिनच्या टोकाकडून अजिबात नाही. आणि बऱ्याच 1.8 टर्बोंमध्ये त्याच लाईनवर सक्शन जेट पंप नावाचा प्लास्टिकचा व्हेंचुरी (मध्ये अरुंद होणारी, व्हॅक्यूम वाढवणारी नळी) असतो, त्याची नळी तडकलेली असते ती पण बघ, हाताला लागत नाही इतक्या आत असते, टॉर्च घे.

महूची_सफारीवाली

काकांनी पेट्रोलचं सांगितलं, मी डिझेलवाल्यांसाठी लिहिते कारण हा धागा वाचून कुणीतरी स्वतःच्या सुमोचा वन-वे व्हॉल्व्ह उचकटत बसेल. जुन्या डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो त्यामुळे मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतच नाही, वेगळा पंप लागतो. टाटाच्या बऱ्याच जुन्या डिझेलमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि त्याला वंगण इंजिनच्या तेलाचं असतं. त्यामुळे पंपाचं तेल येणारं बारीक पाईप चोंदलं तर आतली पाती झिजतात आणि ब्रेक कडक व्हायला लागतो, लोक मात्र बूस्टर बदलत बसतात. आमच्याकडे जुनी टर्बो सफारी आहे, तिच्यात हेच निघालं होतं. अल्टरनेटर रिपेअरला दिलात तर पंप पण उघडायला सांगा, एकाच कामात होतं.

अजून एक, आणि हे जरा रागाने लिहितेय. भेरूघाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे अजूनही आहेत. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, बूस्टरमध्ये साठलेल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक लागेल आणि पुढचं वळण देवाच्या भरवशावर. पॉवर स्टिअरिंगची मदत पण गेलेली असते. एवढं करून डिझेल वाचतं तरी किती हो.

टर्बोवाला_इंदूर

काका, तिन्ही टेस्ट पास! फुस्स आवाज पण नाही. व्हॉल्व्ह काढला तर इंजिनच्या टोकाकडून जोरात फुंकलं की थोडी हवा जातेय, आत काळं चिकट तेल. नवीन मागवून बसवला. फरक पडला, आता पहिला ब्रेक एकदम भारी लागतो, पण हायवेला गाडी चांगली तापल्यावर दुसरा ब्रेक अजूनही थोडा कडक लागतो. आणि घरी उभ्या गाडीवर काहीच सापडत नाही, व्हॅक्यूम गेज लावला तर आयडलला 17 इंच (पाऱ्याचे) दाखवतो. यूट्यूबवर सगळे 20-21 सांगतात, म्हणजे इंजिनच कमी ओढतंय का आता?

राजेंद्रनगरचे_काका

17 ठीक आहे रे. तो यूट्यूबवाला समुद्राजवळ बसून बोलत असेल. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, हवेचा दाबच कमी, इथे गेज दीड-दोन इंच कमी दाखवणारच. काटा स्थिर आहे ना, मग इंजिनवर संशय घेऊ नकोस.

आता व्हॉल्व्ह नवा आहे आणि तरी दुसरा ब्रेक कडक, म्हणजे बूस्टर रिकामा झाल्यावर परत भरायला वेळ लागतोय. वाट कुठेतरी अडलीये. मॅनिफोल्डपासून बूस्टरपर्यंतचा पाईप कोणता आहे ते बघ. व्हॅक्यूमचा पाईप जाड भिंतीचा असतो, कारण त्याला फुगणं नाही तर आत चिपकणं सोसायचं असतं. कुणी त्या जागी साधा पातळ पाईप टाकला असेल तर थंड असताना तो गोल दिसेल, आयडलला चालेल, पण टर्बोशेजारी तापून नरम झाला आणि तू ॲक्सिलरेटर सोडलास, की त्या क्षणी थ्रॉटल बंद आणि इंजिन वरच्या आरपीएमला, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये आयडलपेक्षाही जास्त व्हॅक्यूम. पाईप चपटा होतो. नेमका ब्रेक मारायच्या वेळी. उभ्या गाडीवर हे सापडत नाही ते यामुळेच.

दोन टी जॉइंट घे, एक मॅनिफोल्डजवळ, एक बूस्टरच्या तोंडाशी, दोन्हीला लांब नळी लावून गेज केबिनमध्ये आण आणि शेजारी कुणाला तरी बसव वाचायला. स्वतः चालवत काट्याकडे बघू नकोस.

टर्बोवाला_इंदूर

मेव्हण्याला बसवलं, तेजाजी नगरच्या पुढे सकाळी लवकर. गाडी तापवली, पाय काढला, मॅनिफोल्डचा काटा 20 च्या वर आणि बूस्टरचा 10 च्या आसपासच रेंगाळलेला!! मेव्हणा ओरडतोय दोन्ही वेगळं दाखवतायत भिया. बाजूला घेऊन लगेच बोनेट उघडलं, पाईप बाहेरून ठणठणीत, दाबला तर दोन बोटांत पूर्ण चिपकतो, पाठीमागे क्लॅम्पजवळ तर घडीची रेघ उमटलेली. आधी कधीतरी कुणीतरी पेट्रोलचा पातळ पाईप टाकून मोकळा झालाय. आता जाड पाईप आणि नवीन क्लॅम्प टाकले, दोन्ही काटे बरोबर चालतात आणि ब्रेक कितीही वेळा मारा, एकसारखा. काका, जिंकलात.

आता अपग्रेडचं बोला कुणीतरी, डोक्यातून जात नाहीये ते.

पीथमपूर_सेकंड_शिफ्ट

मी बोलतो, हा माझा आवडता विषय आहे. मोठ्या बूस्टरने ब्रेक डबल होत नाही, फक्त पाय कमी दाबावा लागतो. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थरथरत असेल तर ब्रेक आधीच टायरच्या पकडीपेक्षा जास्त आहे, पुढे काम टायरचं. म्हणून गाडी बरेच दिवस उभी होती म्हणतोस तर पहिला खर्च टायर, त्यावरची तारीख वाच, कडक झालेल्या टायरवर कितीही महागडा ब्रेक लावा.

मास्टर सिलिंडर मोठा टाकायचा सल्ला तर उलटाच आहे. 22.2 मिमीचा काढून 23.8 चा टाकला तर तेवढ्याच जोराला लाईनमधला दाब साधारण 13 टक्क्यांनी कमी होतो. पॅडल आखूड आणि टणक लागतं म्हणून लोकांना वाटतं ब्रेक सुधारला. त्याचा उपयोग मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) टाकल्यावर, नुसता नाही.

दाबून चालवणाऱ्याला खरी अडचण येते ती उष्णतेची. 120 वरून थांबवायला 80 च्या सव्वादोन पट ऊर्जा जिरवायची असते आणि ती सगळी डिस्कमध्ये जाते. म्हणून आधी ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 नवीन असताना किमान 230 अंशाला उकळतं, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा 155 वर येते, डॉट 3 चं तर 205 वरून 140. उकळलं की वाफ आणि पॅडल खाली. दोन वर्षांत एकदा पूर्ण बदलायचं, नुसतं वरून टॉपअप नाही. अजून हवं तर डॉट 5.1 चालतं, पण नुसतं 5 घेऊ नकोस, ते सिलिकॉनचं असतं, एबीएसच्या गाडीत नको आणि यात मिसळत पण नाही. हवा काढताना डबी रिकामी होऊ देऊ नकोस, एबीएस युनिटमध्ये हवा शिरली तर स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो.

त्यानंतर चांगले पॅड, मायक्रोमीटरने मोजून डिस्क, आणि वीस वर्षं जुने रबरी होज बदलून स्टीलच्या जाळीचे. एवढ्यावर थांब असं मी म्हणेन. मोठी डिस्क टाकायचीच असेल तर रिमच्या आत बसते का ते आधी बघ, पंधरा इंची रिममध्ये बऱ्याचदा अडते. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लक्षात ठेव, कंपनीने दिलेल्या मूळ माहितीशी न जुळणारे बदल केलेस तर इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी ते कलम बरोबर काढेल. आमच्याकडे पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किमीचा ट्रॅक आहे, कंपन्या तिथे गाड्या घासतात आणि मग कुठे ब्रेकचा साईज ठरतो, तो गॅरेजवाला बोनेट न उघडता ठरवतो. धन्य आहे.

महूची_सफारीवाली

इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंपाबद्दल पण विचारणार असाल तर कंपनीतून आलं तशा स्टॉक इंजिनला गरज नाही. कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेल्या किंवा ट्यून केलेल्या गाडीला आयडलला व्हॅक्यूमच कमी पडतो, तिथे तो लावतात, आणि लावलाच तर व्हॅक्यूम स्विच, रिले, फ्यूज सगळ्यासकट, नाहीतर दिवसभर घरघरत राहतो आणि एक दिवस जळतो.

टर्बोवाला_इंदूर

पंप रद्द, मोठा बूस्टर रद्द. टायरची तारीख बघितली, 2014 चे आहेत, म्हणजे सुरुवात तिथूनच. ऑइल आणि होज या रविवारी. काका, एकच राहिलं, जुना व्हॉल्व्ह काढल्यावर बूस्टरच्या भोकातल्या रबराच्या ग्रोमेटला पण तेल लागलेलं होतं, पुसून तोच परत बसवलाय, चालेल का?

राजेंद्रनगरचे_काका

नाही चालणार, तो पण फुगलेला असणार. व्हॉल्व्ह हाताने गोल फिरवून बघ, सैल फिरला तर तिथून हवा ओढतोय. स्वस्त वस्तू आहे, ऑइल बदलताना रविवारीच टाकून घे. बसवताना त्याला ग्रीस नको, किंचित ब्रेक ऑइल लाव. आणि ब्रेक ऑइलची लेव्हल पुढे महिनाभर बघत राहा. चाकांपाशी ओल नसताना लेव्हल उतरायला लागली तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून बूस्टरच्या आत जातंय असं समज, मग मात्र बूस्टर उघडावा लागेल.