प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाताना आरशात चेहरा दिसेल का?

प्रश्न – शाळेतल्या बाई

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात प्रकाशाच्या वेगाविषयी बोलत असताना एका मुलीने विचारले, "बाई, प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्के वेगाने धावणाऱ्या गाडीत मी हातात आरसा धरून बसले, तर माझ्या चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश आरशापर्यंत पोहोचणार कसा? आरसाही तितक्याच वेगाने पुढे पळतो आहे ना?" मी तिला सांगितले, की प्रतिमा दिसेल, पण उशिरा दिसेल. घरी आल्यावर विचार करू लागले आणि माझे उत्तर चुकले असावे असे वाटू लागले. गाडीचा समोरचा दिवा लावला तर त्याच्या प्रकाशाचा वेग १९९ टक्के होईल का, हा तिचा दुसरा प्रश्न होता आणि त्याला तर मी उत्तरच दिले नाही.

"सापेक्षतेमुळे तसे होत नाही" एवढ्या वाक्याने तिचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये असे मला वाटते. त्या प्रकाशाचे नेमके काय होते, ते कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर – अक्षांश

बाई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार मोलाचा आहे. प्रकाशकिरणाचा पाठलाग केला तर काय दिसेल, हा विचार आइन्स्टाइन यांच्या मनात वयाच्या सोळाव्या वर्षी आला होता आणि १९०५ सालच्या त्यांच्या विशेष सापेक्षता सिद्धान्ताची मुळे त्यात आहेत.

आरसा चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर आहे असे समजू. गाडीत बसलेल्या मुलीच्या दृष्टीने ती स्वतः स्थिर आहे, आरसाही स्थिर आहे, आणि प्रकाश नेहमीच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर या वेगाने जातो. त्याला आरशापर्यंत जायला १ नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) आणि परत यायला १ नॅनोसेकंद लागतो. तिला चेहरा अगदी घरच्यासारखाच दिसेल, तसूभरही उशिरा नाही.

तिची शंका खरे तर फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने आहे, आणि तिथे ती योग्यच आहे. त्या माणसाच्या हिशेबाने आरसा खरोखरच प्रकाशापुढे पळतो आहे आणि प्रकाश त्याला गाठताना केवळ १ टक्क्याच्या फरकाने जवळ येतो आहे. मात्र त्याच्या मोजणीत गाडीतील लांबी आकुंचन पावलेली असते, त्यामुळे चेहरा आणि आरसा यांतील अंतर त्याला ३० नव्हे, तर सुमारे ४.२ सेंटिमीटर भरते. हे अंतर १ टक्का फरकाने कापायला प्रकाशाला १४.१ नॅनोसेकंद लागतात, आणि परतताना चेहराच समोरून येत असल्यामुळे जेमतेम ०.०७ नॅनोसेकंद. बेरीज सुमारे १४.२ नॅनोसेकंद होते. गाडीतील घड्याळात गेले फक्त २ नॅनोसेकंद, आणि त्या घड्याळाची गती त्याला ७.१ पट मंद दिसते. दोन्ही हिशेब तंतोतंत जुळतात. ही आकडेमोड फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यावी असे मी आग्रहाने सुचवतो, कारण काळ मंदावणे आणि लांबी आकुंचणे या दोन गोष्टी सुट्या नसून प्रकाशाचा वेग सर्वांना सारखा राहावा यासाठी त्या एकत्रच याव्या लागतात, हे त्यातून आपोआप उमगते.

उत्तर – पहिला पाऊस

दिव्याच्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगानेच मिळाले आहे. १९६४ साली जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, प्रकाशाच्या ९९.९७५ टक्क्यांहून अधिक वेगाने धावणाऱ्या उदासीन पायॉन या अतिसूक्ष्म, क्षणभंगुर कणांनी पुढच्या दिशेने सोडलेल्या गॅमा किरणांचा वेग मोजण्यात आला. साधी बेरीज खरी असती तर तो जवळपास दुप्पट निघायला हवा होता. तो प्रकाशाच्या नेहमीच्या वेगाइतकाच निघाला.

उत्तर – आकाशदिवा

वेग बदलत नाही हे वर आलेच आहे, परंतु प्रकाशाचे 'काय होते' याचे खरे उत्तर रंग, दिशा आणि तेज या तिन्हींत दडलेले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय त्या मुलीला पूर्ण चित्र मिळणार नाही.

प्रथम रंग. ९९ टक्के वेगाने आपण एखाद्या ताऱ्याकडे झेपावत असू, तर त्याच्या प्रकाशाची वारंवारता १४.१ पट होते. ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश आपल्याला ३९ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अतिनील मिळतो. मागे सुटलेल्या ताऱ्याचा तोच हिरवा प्रकाश ताणला जाऊन साडेसात हजार नॅनोमीटरच्या पुढे, अवरक्त पट्ट्यात जातो.

दिशेचा परिणाम मला सर्वांत सुंदर वाटतो. वारा नसताना सरळ पडणाऱ्या पावसात आपण झपझप चालू लागलो, की छत्री पुढे झुकवावी लागते, कारण सरी समोरून आल्यासारख्या अंगावर येतात. प्रकाशाच्या सरींचेही तसेच आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, तेवढ्यानेही तारे साधारण २० विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकलेले दिसतात. इंग्लंडमध्ये १७२५ पासून कालेय तारकासमूहातील एका ताऱ्याची निरीक्षणे करताना जेम्स ब्रॅडली यांना हे सरकणे सापडले. ९९ टक्के वेगाला मात्र छत्री जवळजवळ आडवीच धरावी लागेल: आपल्या बरोबर बाजूला, काटकोनात असलेला तारा समोरच्या दिशेपासून अवघ्या ८ अंशांवर दिसतो. पुढचे अर्धे आकाश १६ अंश रुंदीच्या एका वर्तुळात गोळा होते आणि तेथील तेज प्रचंड वाढते. त्या वर्तुळाभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसतील.

उत्तर – अक्षांश

'आकाशदिवा' यांच्या विवेचनातील शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. तारा केवळ दृश्य प्रकाश देत नाही, अवरक्तही देतो. दृश्य प्रकाश अतिनीलात सरकला, तर त्याची जागा सरकून आलेले अवरक्त किरण घेतात. सूर्यासारख्या ५,८०० अंश केल्विन तापमानाच्या ताऱ्याचा वर्णपट समोरून पाहताना ८०,००० अंशांहून अधिक तप्त वस्तूसारखा भासेल, म्हणजे तारा निळसर पांढरा आणि डोळे दिपवणारा दिसेल. थेट मागे असलेला तसाच तारा सुमारे ४०० अंशांचा भासेल, म्हणजे डोळ्यांना अंधारच. रंगांची कडी दिसणार नाहीत.

उत्तर – आकाशदिवा

आपले म्हणणे योग्य आहे. मी प्रत्येक ताऱ्याचा एकच रंग धरून विचार केला होता. दुरुस्तीबद्दल आभार.

शाळेतल्या बाई

सर्वांची मनापासून आभारी आहे. आरशाची आकडेमोड मी रात्री स्वतः करून पाहिली आणि ती जुळली तेव्हा फार आनंद झाला. एक शंका मात्र उरली. निळ्या प्रकाशाची ऊर्जा तांबड्यापेक्षा जास्त असते असे आम्ही शिकवतो. मग वेगामुळे प्रकाश अतिनील झाला, तर ही जादा ऊर्जा आली कुठून?

उत्तर – पहिला पाऊस

बाई, येथे दोन प्रसंग वेगळे ठेवावे लागतात. आपण ताऱ्याकडे धावत असू, तर ताऱ्याच्या प्रकाशात कोणीही काही घातलेले नाही. ऊर्जेचे माप पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते. फलाटावरच्या माणसासाठी धावत्या गाडीला गतिज ऊर्जा असते आणि आत बसलेल्यासाठी ती शून्य असते, तसेच हे आहे.

दिवाच धावत असेल, तर मात्र पुढे फेकलेल्या प्रकाशातील जादा ऊर्जा दिव्याच्या गतीतून येते, आणि हे आपल्या देशात रोज घडते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचे १७२.५ मीटर परिघाचे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना कड्यात वेगाने फिरवणारे यंत्र, आहे. त्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या मारतात. आपल्या गाडीसाठी काळ मंदावण्याचा जो गुणक ७.१ होता, तो त्यांच्यासाठी सुमारे ४,९०० आहे. चुंबकांमुळे वळताना ते प्रकाश सोडतात, आणि तो सर्व बाजूंना न पसरता पुढच्या दिशेला, अंशाच्या शंभराव्या भागाएवढ्या अरुंद शंकूत एकवटतो. 'आकाशदिवा' यांनी सांगितलेले दिशेचे गोळा होणे हेच. वारंवारता वाढल्याने तो क्ष-किरणांपर्यंत पोहोचतो आणि पदार्थांची अंतर्रचना तपासण्यासाठी वापरला जातो.

आता आपल्या शंकेकडे येतो. या प्रकाशापायी प्रत्येक इलेक्ट्रॉन एका फेरीत सुमारे ६ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा गमावतो, आणि ती भरून काढण्यासाठी रेडिओ लहरींच्या पोकळ्यांतून त्याला प्रत्येक फेरीत पुन्हा धक्का द्यावा लागतो. तो धक्का बंद केला तर इलेक्ट्रॉन कक्षेत टिकत नाहीत आणि प्रकाशही विझतो.