पन्हाळ्यावर ऐकलेली गोष्ट : तुम्ही काय ऐकलंत, कुणाकडून?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले आणि त्यात आपला पन्हाळाही आला. आपण कोल्हापूरकर तर त्याच्या गोष्टी ऐकतच मोठे झालो. इथे त्याच लिहा : कुठली गोष्ट, गडावर कुठे उभं राहून ऐकली, कुणी सांगितली. कागदोपत्री काय आहे आणि लोकांच्या तोंडी काय आहे, एवढं मात्र वेगळं ठेवा.

सुरुवात मीच करते. बाबा आम्हाला आधी अंधारबावडीत न्यायचे. बाहेर ऊन रणरणत असायचं, पण पायऱ्या उतरायला लागलं की दगडी भिंतीला हात लावावा तर तो गार पडायचा. इमारत तीन मजली, पाणी सगळ्यात खाली. मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघायला चोरवाट. वेढा पडला की शत्रू उघड्या तळ्यात विष कालवील, म्हणून पाणी असं इमारतीच्या पोटात राखलं, असं बाबा सांगत. बांधकाम आदिलशाही काळातलं.

*

माझी आज्जी गडाच्या पायथ्याची. तिची गोष्ट गंगू तेलिणीची. भोज राजा तट बांधतोय, दिवसा चढवलेला दगड रात्री ढासळतोय. शेवटी बळी द्यायचं ठरलं आणि गंगू तेलीण पुढं झाली. काही घरांत तिच्या तान्ह्या बाळाचा बळी गेला असं सांगतात. ते आज्जीला मुळीच पटायचं नाही. शिलाहार राजा दुसरा भोज बाराव्या शतकाच्या अखेरचा. त्याचं नाव ताम्रपटात कोरलेलं आहे, गंगूचं बायकांच्या तोंडी राहिलं. म्हणून मी पोरींना गडावर नेते तेव्हा राजाच्या आधी तिची गोष्ट सांगते.

*

आम्ही मित्र आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालतो. मसाईच्या पठारावर धुकं असं उतरतं की पुढच्याची पाठ दिसत नाही, आणि चिखलात बूट रुतला की पाय तेवढा बाहेर येतो. आम्हाला दोन दिवस लागतात. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा, आणि जुलैच्या त्या रात्री महाराज पावसातून विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभूंनी खिंड अडवली हे शाळेत सगळेच शिकतात. मला मात्र दरवेळी शिवा काशीद आठवतो. तटाखालच्या नेबापूरचा न्हावी, रूप महाराजांसारखं. दुसऱ्या पालखीत महाराज होऊन बसला आणि सिद्दीच्या छावणीत गेला. परत येणं नाही, हे त्याला निघतानाच ठाऊक होतं. बाजींना निदान हातात तलवार घेऊन लढता आलं. शिवाला शेवटपर्यंत दुसऱ्याच्या नावानं बसून राहायचं होतं. ते मला जास्त अवघड वाटतं, आणि गडावर त्याच्या पुतळ्याजवळ थांबल्याशिवाय आम्ही चालायला लागत नाही.

*

गडावरच्या सज्जाकोठी या इमारतीबद्दल थोडं. संभाजीराजे इथं कैदेत होते असं पर्यटकांना सांगितलं जातं. मुघल सरदार दिलेरखानाकडून परतल्यावर ते पन्हाळ्यावर होते आणि १६८० च्या सुरुवातीला बापलेकांची भेट इथंच गडावर झाली, हे इतिहासात आहे. त्याच एप्रिलमध्ये महाराज गेले. तेव्हा शेवटची भेट ती. मुलांना कोठडीच्या गोष्टीपेक्षा ही भेट सांगावी, असं मला शिक्षक म्हणून वाटतं.

*

कोंडाजी फर्जंद कसे राहिले? १६७३ मध्ये साठेक माणसं घेऊन रातोरात कडा चढले आणि गड घेतला! पुढे महाराज आले, त्यांनी मावळ्यांसह सोमेश्वराला चाफ्याची फुलं वाहिली, ही गोष्ट मी सोमेश्वर तळ्याच्या काठावर मामांकडून ऐकली. चाफा फुलतो तेव्हा मुद्दाम जा.

आणि शेजारच्या पावनगडाचं कुणी ऐकलं असेल तर जरूर लिहा. पन्हाळ्याला येणारे बरेच जण तिकडं न जाताच परततात.