हातहत्यारांनी सुतारकामाचा बेंच करायचाय, टॉप किती जाड आणि लाकूड कुठलं?

नवा_रंधेकर:
नमस्कार मंडळी, रंधा, पटाश्या, दोन करवती असं जमवून झालंय पण काम धरायलाच काही नाही. डायनिंग टेबलवर रंधा मारला की टेबलच पुढे जातं आणि घरातून ऐकावं लागतं ते वेगळं. यूट्यूबवर जो तो रूबो बेंच, ४-५ इंच जाड टॉप, पुढच्या पायाला लाकडी शिकंजा (काम आवळून धरणारा, व्हाइस) वगैरे. तसाच सागात करू म्हणून भवानी पेठेत टिंबर मार्केटला विचारलं, भाव ऐकून गुपचूप घरी आलो. मशीन एकही नाही आणि घ्यायचंही नाही, जागा म्हणजे बंद केलेली बाल्कनी. एवढं जाड लाकूड खरंच लागतं का? साग नाही तर काय? आणि हे मोठे सांधे नवशिक्याला हाताने जमतात का? कृपया प्लायचं टेबल घे असं सांगू नका.

खटपट्या:
प्लायचं टेबल घे :)
गंमत केली रे. पण आमच्या गावचे मिस्त्री जमिनीवर बसून, समोर एक ठोकळा टेकवून, फळी पायाने दाबून रंधा मारायचे, अख्खे दरवाजे झालेत त्यावर. तेव्हा बेंच पाहिजेच का हे पण एकदा बघ. माझे गुडघे ऐकत नाहीत म्हणून मी उभ्याने करतो, तो भाग वेगळा.

वाकसवाला:
जाडीच्या मागे लागू नको. रूबो हा १८ व्या शतकातला फ्रेंच सुतार, त्याचा ग्रंथ १७६९ पासून भागाभागाने आला, त्यातला हा बेंच. त्याची खरी खुबी अशी की पाय टॉपच्या पुढच्या कडेला अगदी एका सपाटीत आहेत, त्यामुळे लांब फळी कडेवर उभी करून पायांना टेकवता येते आणि तिच्या कडेला आरामात रंधा मारता येतो. तेवढं घे, बाकी सोड. साधा हिशोब कर, ६ फूट बाय २ फूट टॉप ५ इंची केलास तर नुसत्या टॉपलाच ५ घनफूट लाकूड, २ इंची केलास तर २ घनफूट.

तुला निकल्सनचा बेंच बरा पडेल. पीटर निकल्सनने १८१२ च्या पुस्तकात दिलाय, टॉप पातळ पण पुढे-मागे ८-१० इंच रुंद फळ्या उभ्या लावलेल्या. आडवी फळी वाकते, तीच उभी केली की वाकत नाही, सगळा जोर तिथून येतो. पाय त्या उभ्या फळीत खाच मारून बसव म्हणजे पुढून सगळं सपाट राहतं, आणि त्याच फळीत ओळीने भोकं पाडली की खुंटी घालून लांब काम खालून तोलता येतं.

लाकूड जुनं बघ. पाडलेल्या वाड्यांचे वासे, चौकटी मिळतात, मुरलेलं असतं, पीळ पडायचा तो पडून गेलेला असतो. फक्त रंधा लावायच्या आधी लोहचुंबक फिरव, आत मोडलेला खिळा असला तर पात्याची वाट लागते. नवीन घेणार असशील तर ऐन चालेल, जड आहे, बेंचला वजन हवंच असतं. बाभूळ चिवट पण लांब सरळ फळी मिळायची मारामार. आंबा नको, कीड लागते.

सांध्याचं म्हणशील तर आधी भोक, मग कुसू (भोकात बसणारं निमुळतं कापलेलं टोक). भोकाची रुंदी पटाशीएवढीच ठेव, गिरमिटाने आतलं काढून घे, मग पटाशीने भिंती सरळ कर आणि कुसू त्याच्या मापाने काप. खुंटीसाठी कुसूतलं भोक खांद्याच्या (कुसूच्या मुळाशी असलेल्या पायरीच्या) बाजूला दीडेक मिलिमीटर सरकवून पाड, जुनी बांबूची खुंटी टोकाला निमुळती करून ठोकली की ती कुसूला आत खेचते आणि खांदा असा बसतो की मध्ये कागद जात नाही. क्लॅम्प नको, फेविकॉल नको.

पटाशीताई:
दादांशी सहमत, फक्त दोन गोष्टी. एक तर टॉप दोन फळ्यांचा कर आणि मध्ये अर्धा इंच फट ठेव, पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं लांबीत नाही, मग ते फटीत मावतं आणि एरवी पटाश्या उभ्या ठेवायला जागा होते. दुसरं म्हणजे तू फ्लॅटमध्ये आहेस तर भोकं मारायचं काम बरोबर पायाच्या डोक्यावर धरून कर, टॉपच्या मध्ये नको, अर्धा आवाज तिथेच कमी होतो आणि पटाशी पण नीट चालते. पायाखाली रबराचे तुकडे घाल नाहीतर टाइल्सवर सरकेल. उंची हात खाली सोडून करंगळीच्या सांध्यापर्यंत, माझा बेंच किचन ओट्याहून थोडा कमीच आहे.

नवा_रंधेकर:
भारी, निकल्सनच करतो. पण शिकंजा? चांगला ९ इंची घ्यायचा म्हणजे परत खर्च. आणि टॉप सपाट कसा करू, जॅक रंधाच (मधल्या लांबीचा) आहे फक्त.

वाकसवाला:
शिकंजा नंतर घे, आधी लोहाराकडून १८ मिमी सळीचे दोन आकडे वाकवून आण, इंग्रजी ७ सारखे, त्याला होल्डफास्ट म्हणतात. टॉपला १९ मिमीची भोकं अगदी सरळ पाड, वरून मोगरीचा एक ठोका दिला की काम जाम, मागून ठोकला की सुटलं. २ इंची टॉपमध्ये घसरायला लागला तर भोकाखाली एक ठोकळा चिकटव.

सपाटीला जॅक पुरे. दोन सरळ पट्ट्या टॉपच्या दोन टोकांना आडव्या ठेव आणि एका टोकाला वाकून बघ, दोन्हीच्या वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर पीळ आहे. उंच कोपरे आधी खाली आण, मग रंधा आडवा म्हणजे लाकडाच्या रेषांना काटकोनात मार, भराभर निघतं, मग तिरका आणि शेवटी लांबीने बारीक पात्यावर. मागच्या कडेचे तुकडे उडतात, तिथे आधीच कड थोडी मारून घे.

खटपट्या:
आणि बाल्कनीचं दार मोजलंस का? पाय बोल्टने सुटे होतील असं बघ, आमच्या एका मित्राचा बेंच अजून आतच आहे, घर विकलं तरी.